जन्मदाखला आणि बराक

१९४५ साल सरत आलं होतं. महायुद्ध संपलं होतं, तरी अमेरिकेतली सक्तीची लष्करभरती सुरूच होती. परदेशांत लढून दमलेल्या सैनिकांना घरी आणायचं तर त्यांच्या जागी कुणीतरी लागणारच होतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेल्या, अंगाने अगदी किरकोळ अशा एका एकोणीस वर्षांच्या व्यक्तीला याच भरतीचं बोलावणं आलं. न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स छावणीत कारकुनी काम मिळालं, वर्षभराने सुटका झाली. पुढे डेन्मार्कमध्ये संप्रेरकांचे उपचार आणि शस्त्रक्रिया झाल्या आणि १ डिसेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने पहिल्या पानावर ठळक बातमी छापली: एका माजी सैनिकाची सोनेरी केसांची सुंदरी झाली. क्रिस्टीन जॉर्गेन्सन हे नाव एका रात्रीत जगभर झालं.

बातमीतला ‘माजी सैनिक’ हा शब्द नीट बघायला हवा. क्रिस्टीन यांनी छावणीत टंकलेखन केलं होतं, खंदकात पाय ठेवला नव्हता. पण तो शब्द काढला असता तर बातमीतला निम्मा धक्का गेला असता. सैन्याने ज्याला पुरुष म्हणून मोजलं तो पक्का पुरुष, असं वाचकांनी गृहीत धरलेलं होतं. सैन्याने मात्र तसं काही तपासलं नव्हतं. त्याने एक कागद वाचला होता. त्याच कागदाने क्रिस्टीन यांचा पुढेही पिच्छा सोडला नाही. १९५९ मध्ये त्या लग्नाचा परवाना मागायला गेल्या तेव्हा जन्मदाखल्यावर ‘पुरुष’ लिहिलेलं असल्याने तो नाकारला गेला.

सक्तीच्या भरतीला दोन पायऱ्या असतात. पहिली कारकुनाची: कुणाला बोलवायचं याची यादी करणं. दुसरी डॉक्टरची: आलेल्यांपैकी कोण चालेल ते ठरवणं. कारकून कागद बघतो, डॉक्टर शरीर बघतो. समोरच्याला ‘तू कोण’ असं विचारायची सोय दोघांकडेही नसते. बहुतेकांचा कागद, शरीर आणि मन एकच उत्तर देत असल्यामुळे ही उणीव लक्षात येत नाही. पारलिंगी माणूस रांगेत उभा राहिला की ती उघडी पडते. या प्रकरणात आपण ती निरनिराळ्या देशांत बघणार आहोत, आणि सुरुवात यादीपासून करू.

अमेरिकेत १९७३ नंतर कुणालाही सक्तीने सैन्यात घेतलेलं नाही. व्हिएतनाम युद्धाने त्या व्यवस्थेची अब्रू घालवली होती. १९७५ मध्ये नावनोंदणीही थांबली. मग सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि १९८० मध्ये जिमी कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली. तेव्हापासून १८ ते २५ वयाच्या पुरुषांची नावं ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ या सरकारी यंत्रणेकडे असतात. नाव न नोंदवणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. १९८० च्या दशकानंतर यासाठी कुणावर खटला भरला गेलेला नाही. खरा जाच वेगळ्याच वाटेने होतो: नाव यादीत नसेल तर केंद्र सरकारची नोकरी मिळत नाही, आणि १९८२ च्या एका दुरुस्तीनंतर कितीतरी वर्षं कॉलेजसाठीची सरकारी आर्थिक मदतही मिळत नसे.

ही यादी परदेशी नागरिकांनाही लागू आहे, हे आपल्याकडच्या पुष्कळ घरांना उशिरा कळतं. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबातला मुलगा आईवडिलांच्या व्हिसावर आहे तोवर त्याला नोंदणी नाही. अठरा ते पंचविसाच्या दरम्यान ग्रीन कार्ड हातात पडलं, की तीस दिवसांत नाव द्यावं लागतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. कायद्यात ‘पुरुष’ असं लिहिलंय, पुरुष कोण? यंत्रणेचं उत्तर सडेतोड आहे: जन्माच्या वेळी ज्याची नोंद पुरुष म्हणून झाली तो. म्हणून ट्रान्स स्त्रीने, म्हणजे जन्मनोंद पुरुषाची पण जगणं स्त्रीचं अशा व्यक्तीने, नाव नोंदवलंच पाहिजे. मग शस्त्रक्रिया झालेली असो, पासपोर्ट बदललेला असो की नसो. नोंदणीनंतर तिने नाव बदललं तर तेही दहा दिवसांत कळवायचं. ट्रान्स पुरुषाने नोंदणी करायची गरज नाही, मग त्याला दाढी असो आणि लायसन्सवर ‘पुरुष’ असो.

गरज नाही म्हणजे तो सुटला असं वाटेल. प्रत्यक्षात तोच जास्त अडकतो. कॉलेजच्या मदतीचा अर्ज भरला की संगणक दोन नोंदी पडताळून बघायचा: सामाजिक सुरक्षेच्या नोंदीत हा पुरुष, भरतीच्या यादीत याचं नाव नाही, म्हणजे हा कायदा मोडणारा. मग आपण कायदा मोडलेला नाही हे त्याने सिद्ध करायचं. त्यासाठी सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून एक पत्र मिळवावं लागतं, आणि ते मागताना जन्मदाखल्याची प्रत जोडावी लागते. म्हणजे जो कागद मागे टाकायला त्याची उमेदीची वर्षं गेली तोच पुन्हा पुढे करायचा. त्यातल्या त्यात एक शहाणपण त्या यंत्रणेने दाखवलंय, की पत्रात सूट का मिळाली याचं कारण लिहीत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या कायद्याने कॉलेजच्या मदतीची आणि या यादीची फारकत केली. सरकारी नोकरीची अट तशीच राहिली.

यादी फक्त पुरुषांचीच का, हा वाद त्याहून जुना. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तिला मान्यता दिली. न्यायालयाचा युक्तिवाद असा होता: यादी लढणाऱ्या सैनिकांसाठी आहे, स्त्रियांना लढाईच्या तुकड्यांत घेत नाहीत, म्हणून त्यांची नावं घ्यायचं कारण नाही. डिसेंबर २०१५ मध्ये लढाईतली सगळी कामं स्त्रियांना खुली करण्याचा निर्णय झाला आणि त्या युक्तिवादाचा पायाच गेला. ह्यूस्टनच्या एका न्यायाधीशाने २०१९ मध्ये फक्त पुरुषांची यादी घटनाबाह्य ठरवली. वरच्या न्यायालयाने पुढच्या वर्षी तो निकाल फिरवला, कारण सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल फक्त सर्वोच्च न्यायालयच बदलू शकतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. संसद यावर विचार करते आहे, तर आपण थांबावं, असं तीन न्यायाधीशांनी सोबत लिहिलं. चेंडू असा टोलवला जात असताना पारलिंगी लोकांबद्दलचा नियम कुणी वेगळा तपासून बघितलाच नाही. पुरुषांपुरती यादी जोवर आहे तोवर ‘पुरुष कोण’ हे कुठेतरी एका ओळीत लिहून ठेवावंच लागतं, आणि जन्माची नोंद ही कारकुनासाठी सर्वांत कमी कटकटीची ओळ आहे.

या यादीचा खरा विनोद बराकीच्या दारात होतो. जून २०१६ मध्ये अमेरिकी सैन्याने पारलिंगी सैनिकांवरची बंदी उठवली. जुलै २०१७ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवरून ती परत आणायची घोषणा केली आणि एप्रिल २०१९ पासून निर्बंध लागू झाले. जानेवारी २०२१ मध्ये बायडन यांनी ते हटवले. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नवा आदेश काढला आणि ६ मे २०२५ रोजी, खटला चालू असतानाच, तो अमलात आणायला सर्वोच्च न्यायालयाने मोकळीक दिली. नऊ वर्षांत चार वेळा दार उघडलं नाहीतर बंद झालं. यादी या सगळ्या काळात जागची हलली नाही. म्हणजे आजची अवस्था अशी: अठरा वर्षांच्या ट्रान्स स्त्रीने सैन्यासाठी नाव नोंदवलं नाही तर ती गुन्हेगार, आणि सैन्यात जाते म्हणाली तर ती अपात्र. उद्या खरंच भरती सुरू झाली तर काय, याची तरतूदही आहे. तपासणीचं बोलावणं आलं की ती सूट मागणारा अर्ज करू शकते. आधी बोलवायचं आणि मग परत पाठवायचं, हे त्या व्यवस्थेत चूक म्हणून आलेलं नाही, नियम म्हणूनच आलंय.

थायलंडमध्ये हा सगळा प्रकार कागदावर न राहता चव्हाट्यावर येतो. तिथे सक्तीची भरती आजही चालू आहे. दरवर्षी एप्रिलच्या उन्हात एकवीस वर्षांचे तरुण आपापल्या भागातल्या भरतीकेंद्रावर जमतात, उंची आणि छातीचं माप देतात आणि एका भांड्यात हात घालून चिठ्ठी काढतात. काळी निघाली तर घरी, लाल निघाली तर दोन वर्षं सैन्यात. काळी चिठ्ठी निघाल्यावर आनंदाने उड्या मारणारे आणि लाल निघाल्यावर तिथेच कोसळणारे तरुण दरवर्षी बातम्यांत दिसतात. शाळेत असताना तीन वर्षांचं लष्करी प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना या सोडतीतून सूट असते.

त्याच रांगेत ‘काथोय’ही असतात. थायलंडमध्ये ट्रान्स स्त्रियांना रूढ असलेला हा शब्द. समाजात त्या ठळकपणे वावरतात: दुकानांत, रंगमंचावर, सौंदर्यस्पर्धांत. पर्यटकाला वाटतं, हा देश याबाबतीत किती मोकळा आहे! पण कागदावरचं लिंग बदलायची सोय तिथल्या कायद्यात नाही. जानेवारी २०२५ मध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाला, तरी ही सोय आली नाही. त्यामुळे केस लांब, ब्लाउज नीटनेटका, आणि ध्वनिक्षेपकावर नावाआधी ‘श्रीयुत’. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार नेमके तिथेच टपून असतात. सुंदर चेहरा दिसला की दुसऱ्या दिवशी तो छापून येतो. काहीजणी हे हसून साजरं करतात. बाकीच्यांना तो दिवस कधी संपतो असं होतं. न जाण्याचा पर्याय नाही, कारण गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

डॉक्टर मग त्यांची वर्गवारी करतात. पहिल्या वर्गात शरीर ‘नेहमीचं’ असलेले. ते सोडतीला जातात. स्तनवृद्धी किंवा शस्त्रक्रिया झालेल्या दुसऱ्या वर्गात जातात आणि सहसा सुटतात. शरीरात काही बदल केलेला नाही त्यांना ठरावीक लष्करी रुग्णालयांच्या प्रमाणपत्रामागे धावावं लागतं. म्हणजे जिच्याकडे उपचारांना पैसे होते ती सुटते. गरीब घरातली, आईवडिलांच्या धाकात केस कापून राहणारी मुलगी चिठ्ठी काढते. मला या पद्धतीतला हा भाग छायाचित्रकारांपेक्षाही वाईट वाटतो.

सुटकेचीही किंमत होती. सैन्यातून सूट मिळालेल्याला एक दाखला मिळतो, ‘सोर डोर ४३’. थायलंडमध्ये पुरुष म्हणून नोंद असलेल्याला नोकरी मागताना तो दाखवावा लागतो. कितीतरी वर्षं काथोय अर्जदारांच्या दाखल्यावर सुटकेचं कारण म्हणून लिहिलं जायचं: ‘कायमचा मनोविकार’. पदवी हातात, गुण चांगले, आणि मालकाच्या टेबलावर सैन्याच्या शिक्क्यानिशी हे दोन शब्द. दाखला लपवावा तर भरती चुकवल्याचा संशय, दाखवावा तर वेडाचा. असा दाखला मिळालेल्या एका व्यक्तीने २००६ मध्ये संरक्षण मंत्रालयाविरुद्ध दावा लावला. सप्टेंबर २०११ मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायालयाने तो शेरा बेकायदा ठरवला आणि तो बदलायला सांगितलं. त्यानंतर ‘जन्मलिंगाशी न जुळणारी लिंगओळख’ अशा अर्थाचा मजकूर आला. एका शेऱ्यासाठी पाच वर्षं गेली. पण तो शेरा शेकडो लोकांच्या भाकरीच्या आड येत होता, हे ध्यानात घेतलं तर हा निकाल मोठा म्हणावा लागेल.

तुर्कस्तानचा उल्लेख इथे केवळ हे किती खालच्या पातळीवर जाऊ शकतं ते कळावं म्हणून. समलिंगी पुरुषांना आणि ट्रान्स स्त्रियांना भरतीतून सूट मिळे, पण त्यासाठी खाजगी क्षणांची छायाचित्रं पुरावा म्हणून मागितली गेल्याचं अनेकांनी सांगितलंय. त्या दाखल्याला लोकांत ‘गुलाबी’ म्हणतात.

दक्षिण कोरियात माणसाचं लिंग त्याच्या नोंदणी क्रमांकातच गोवलेलं असतं. तेरा आकड्यांपैकी सातवा आकडा सम की विषम यावरून ते कळतं आणि भरतीची यादी आपोआप तयार होते. ब्यन ही-सू यांची कहाणी मात्र सक्तीच्या भरतीची नाही. त्या रणगाडा चालवणाऱ्या, स्वखुशीने आलेल्या सार्जंट. २०१९ च्या अखेरीस रजा घेऊन त्यांनी थायलंडमध्ये शस्त्रक्रिया करवून घेतली आणि स्त्री म्हणून सेवेत राहू द्या असं सांगितलं. सैन्याच्या वैद्यकीय नियमावलीत पुरुषाचं लिंग गमावणं हे अपंगत्व म्हणून नोंदलेलं होतं. त्या कलमाखाली २२ जानेवारी २०२० रोजी त्यांना काढून टाकलं. त्याच दिवशी त्या गणवेशात पत्रकारांसमोर आल्या आणि त्यांनी सलाम ठोकला. फेब्रुवारीत न्यायालयाने त्यांचं कायदेशीर लिंग बदलून स्त्री केलं. मार्च २०२१ मध्ये त्या राहत्या घरी मृतावस्थेत आढळल्या.

ऑक्टोबर २०२१ मध्ये डेजॉनच्या न्यायालयाने बडतर्फी बेकायदा ठरवली. निकालाचा तर्क साधा आहे आणि त्यामुळेच जबरदस्त: शस्त्रक्रियेनंतर ही व्यक्ती स्त्री असेल तर तिची शारीरिक पात्रता स्त्रीच्या निकषांवर तपासा, स्त्रीला पुरुषाचं इंद्रिय नाही याला अपंगत्व कसं म्हणणार? डॉक्टरच्या पायरीवर बसलेल्या अधिकाऱ्यांनी जुन्या कागदावर अडून राहायला नको होतं. जून २०२४ मध्ये ब्यन यांना डेजॉनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी सन्मान मिळाला.

प्रत्यक्ष युद्ध पेटलं की कारकून आणि डॉक्टर दोघंही बाजूला पडतात आणि सगळं सीमेवरच्या पहारेकऱ्याच्या हाती जातं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनने लष्करी कायदा पुकारला आणि १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी घातली. पासपोर्टवर ‘पुरुष’ असलेल्या ट्रान्स स्त्रिया पोलंडच्या वाटेवर अडवल्या गेल्या, काहींची अंगझडती झाली, काहींना परत पाठवलं. युक्रेनमध्ये कागदावरचं लिंग बदलता येत होतं, पण वैद्यकीय मंडळांच्या लांबलचक चक्रातून. शांततेच्या काळात ज्यांनी ते चक्र टाळलं किंवा जे मधेच अडकले, त्यांच्यासाठी आता वेळ उरली नव्हती.

या प्रसंगाची नेमकी उलटी भीती जर्मनीच्या कायद्यात लिहून ठेवलेली सापडते. १ नोव्हेंबर २०२४ पासून तिथे आपलं लिंग काय हे नोंदणी कार्यालयात जाऊन स्वतः जाहीर करता येतं; डॉक्टर नको, न्यायालय नको. इतका मोकळा कायदा, आणि त्याच्या पोटात नववं कलम: देशावर हल्ला झाला किंवा तशी तणावाची परिस्थिती जाहीर झाली, तर त्याआधीच्या दोन महिन्यांत पुरुषाची स्त्री झालेली व्यक्ती शस्त्रधारी सेवेपुरती पुरुषच मानली जाईल. कायदा मंजूर झाला तेव्हा जर्मनीतली सक्तीची भरती २०११ पासून थांबलेली होती. पण जर्मन राज्यघटना स्त्रियांना शस्त्र घेऊन लढायची सक्ती करू देत नाही, म्हणून ही पळवाट कुणीतरी वापरेल असं खासदारांना वाटलं.

वापरेल का? स्वित्झर्लंडमध्ये जानेवारी २०२२ पासून पंचाहत्तर फ्रँक भरून नोंद बदलता येते, तिथे सक्तीची सेवाही आहे, आणि त्याच महिन्यात एका पुरुषाने पेन्शन वर्षभर आधी मिळावी म्हणून स्त्री अशी नोंद करून घेतल्याची बातमी गाजली. म्हणजे लबाडी करणारा निघतोच. पण सैन्य चुकवण्यासाठी बँक, नोकरी, पासपोर्ट, सासर-माहेर सगळीकडे आयुष्यभर स्त्री म्हणून वावरायला किती पुरुष तयार होतील? भरती चुकवण्याचे याहून सोपे मार्ग प्रत्येक देशात, प्रत्येक काळात होते: ओळखीचा डॉक्टर, परदेशातलं कॉलेज, वडिलांचा पैसा. त्या वाटा बुजवायला एवढ्या तत्परतेने कलमं लिहिली गेल्याचं इतिहासात फारसं दिसत नाही.

नॉर्वेने हा गुंता दुसऱ्याच कारणासाठी सोडवला. पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही सक्तीची सेवा लागू करणारा ‘नाटो’मधला तो पहिला देश, १९९७ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलींनाही बोलावणं जातं. स्वीडनने २०१७ मध्ये तोच मार्ग धरला. डेन्मार्कमध्ये जुलै २०२५ पासून अठरा वर्षांच्या होणाऱ्या मुली सोडतीत आल्या. हे सारं स्त्री-पुरुष समानतेच्या आणि मनुष्यबळाच्या हिशेबाने झालं. पारलिंगी लोकांचा विचार त्यात कुणाच्या मनातही नसावा. तरी यादीतला ‘लिंग’ हा रकानाच निरुपयोगी झाला, आणि कोण स्त्री, कोण पुरुष यावर कारकुनाने डोकं खाजवायचं कारण उरलं नाही. डॉक्टरची पायरी अर्थात शिल्लक आहे.

भारतात सक्तीची लष्करसेवा नाही, त्यामुळे आपले वाद भरतीच्या अर्जाशी येऊन थांबतात. नौदलातल्या साबी गिरी यांना शस्त्रक्रियेनंतर २०१७ मध्ये सेवेतून कमी केलं गेलं. ज्या लिंगाचे म्हणून भरती झालात ते आता राहिलं नाही, असा त्यामागचा सूर होता. मार्च २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका ट्रान्स मुलीला एनसीसीच्या मुलींच्या विभागात येऊ द्यायला सांगितलं, जरी १९४८ च्या एनसीसी कायद्यात ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ यांपलीकडे कुणी नव्हतं. महाराष्ट्रात २०२२ च्या पोलीस शिपाई भरतीच्या ऑनलाइन अर्जात तिसरा रकाना नव्हता. प्रकरण प्रशासकीय न्यायाधिकरणातून मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने कान उपटल्यावर डिसेंबरमध्ये सरकारने तो रकाना द्यायचं कबूल केलं. धावणं, गोळाफेक यांचे निकष ठरवायला फेब्रुवारी २०२३ पर्यंतची मुदत मिळाली.

सक्तीच्या सेवेची मुभा मात्र आपल्या राज्यघटनेतही आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. तेविसावं कलम वेठबिगारीला बंदी घालतं आणि त्याच्याच दुसऱ्या उपकलमात म्हणतं, की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकेल. फक्त ती लावताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणाने भेदभाव करता येणार नाही. पंधराव्या कलमातल्या यादीत ‘लिंग’ आहे, इथल्या यादीत नाही. २०१४ च्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पंधराव्या कलमातल्या ‘लिंग’ या शब्दात लिंगओळखही धरली. पण जिथे तो शब्दच नाही तिथे काय धरणार? म्हणजे उद्या संसदेने ठरवलंच, तर फक्त पुरुषांची यादी करायला हे उपकलम आड येणार नाही. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याकडून ‘पारलिंगी’ असं ओळखपत्र मिळण्याची, आणि शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष असं सुधारित प्रमाणपत्र मिळण्याची सोय केली. मग ती यादी कुठल्या कागदावरून उतरवायची, जन्मदाखल्यावरून की जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून, हे ठरवणारी ओळ आपल्याकडे अजून कुणी लिहिलेली नाही.